लॉकिंग हबचे बोल्ट आणि ‘जोर लावून आवळा’चा सल्ला

‘लॉकिंग हब सैल होतोय? स्प्रिंग वॉशर घाला, आट्यांना लाल थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) चोपडा, लांब पान्याने असेल नसेल तो जोर लावून आवळा. मग हबकडे बघायलाच नको. फोर बाय फोर वापरत नसाल तर तशीही काळजी नाही.’ चारही चाकं इंजिनाने फिरवता येणाऱ्या (फोर बाय फोर) गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी हे हब असतात; लॉक केला की ॲक्सल चाकाला जोडला जातो, फ्री केला की सुटतो. फोर-व्हील-ड्राइव्हवाल्यांत हा सल्ला इतका मुरलाय की त्याला कोणी खोलून बघतच नाही. खोलला तर हाती फारसं काही उरत नाही.

आधी स्प्रिंग वॉशर, म्हणजे बोल्टखाली घालायची चिरलेली, किंचित पिळलेली कडी. बोल्ट पुरता आवळला की तो सपाट होतो आणि मग साध्या वॉशरएवढंच काम करतो. नासाच्या १९९० च्या फास्टनर डिझाइन मॅन्युअलने हे स्वच्छ सांगितलंय. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी दाखवून दिलं होतं की जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की बोल्ट आपोआप सुटत जातो. हबची गोष्ट हीच आहे. लॉक केलेल्या हबमधून ॲक्सलचा पीळ चाकाकडे जातो, आणि तो पेलायचा असतो घट्ट दाबून बसलेल्या पृष्ठभागांनी. तो बोल्टच्या दांड्यावर आला की हब केसभर मागेपुढे सरकतो, बोल्ट सैल होतात, पुढे तुटतात. म्हणून हब बसवताना दोन्ही पृष्ठभागांवरचं ग्रीस, गंज आणि जुन्या गॅसकेटचे (मधल्या कागदी पट्टीचे) चिकटलेले तुकडे खरवडून काढणं कुठल्याही वॉशरपेक्षा मोलाचं.

टोयोटाच्या जुन्या हायलक्समध्ये स्टडवर, म्हणजे नट लागणाऱ्या आट्यांच्या दांड्यांवर, चिरलेले शंकूच्या आकाराचे (कोन) वॉशर असतात. ते पाचरीसारखे भोकात रुततात आणि हे सरकणंच बंद करतात. खोलताना ते सहज निघत नाहीत. नट थोडा सैल करून स्टडच्या टोकावर पितळी दांड्याने ठोकलं की टणकन सुटतात. या कटकटीला कंटाळून तिथे साधे वॉशर टाकणारे महाभागही आहेत. त्यांचे स्टड पुढे का तुटतात, हे वेगळं सांगायला नको.

थ्रेडलॉकर चालेल, पण निळा. लाल लावलेला बोल्ट काढायचा तर तो अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावा लागतो, आणि हबमध्ये शेजारीच ग्रीस आणि रबरी ओ-रिंग. शिवाय ग्रीसने माखलेल्या आट्यांवर निळा काय नि लाल काय, नीट धरत नाही.

आता जोर. आठ मिलिमीटरच्या ८.८ ग्रेडच्या (हा मजबुतीचा दर्जा) कोरड्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला जेमतेम पाच किलोचा भार! अंगातला जोर लावलात तर बोल्ट ताणला जाईल किंवा आटे जातील. तुमच्या हबचा नेमका आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो. टॉर्क रेंचने, म्हणजे पीळ मोजून देणाऱ्या पान्याने, तेवढाच द्या.

‘बघायलाच नको’ तर मुळीच नाही. कागदी गॅसकेट दबून बसतं आणि बोल्टचा ताण उतरतो, म्हणून पहिल्या फेरीनंतर पुन्हा टॉर्क तपासायचा. बोल्टच्या डोक्यावरून हबच्या अंगावर रंगाची एक रेघ ओढून ठेवली, तर ती तुटलेली लांबूनच दिसते.

फोर बाय फोर न लावल्यास पीळ येत नाही, एवढं खरं. पण हब फ्री असला तरी त्याचं बाहेरचं अंग चाकाबरोबर फिरतच असतं आणि खड्ड्यांचे हादरे त्यालाही बसतात.

एवढं करूनही बोल्ट सुटत राहिले, तर चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) असेल तर आधी बेअरिंगचा नट नीट लावा, हबचे बोल्ट त्यानंतर.