तुटलेला बोल्ट म्हणे पाच मिनिटांत!

दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज एव्हाना निम्म्या सोलापूरच्या मोबाइलवर पोचला असेल. थोडक्यात तो असा. गाडी घरी खोलताना बोल्टची मुंडी तुटली तर गॅरेजला जाऊ नका. एक, तुटक्या बोल्टवर कोला ओता, पाच मिनिटांत गंज विरघळतो. दोन, घरच्या गॅस सिलिंडरला टॉर्चची नळी जोडा आणि बोल्ट लालभडक होईस्तोवर तापवा. तीन, मधोमध भोक पाडून त्यात ईझी-आउट (तुटका बोल्ट काढायचा उलट्या पिळाचा निमुळता दांडा) हातोडीने ठोका, पान्याला पाइप लावा आणि फिरवा. चार, नवा बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून आणा, कंपनीचा घेणं म्हणजे लूट. पाच, आट्यांना ग्रीस चोपडून हाताला दम लागेपर्यंत आवळा. खाली हात जोडलेले इमोजी. दाजी याच भरवशावर पुढच्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबणारा भाग, खोलायला निघालेत, म्हणून हे लिहिणं आलं.

बोल्ट का तुटला, हा पहिला प्रश्न या मेसेजमध्ये कुठेच नाही. आवळताना जास्त जोर लागून मुंडी उडाली असेल, तर आतल्या तुकड्यावरचा ताण त्याच क्षणी संपलेला असतो. आटे स्वच्छ असले तर असा तुकडा पुष्कळदा टोकदार पोगरने (छिन्नीसारख्या लोखंडी हत्याराने) कडेवर उलट दिशेला हलक्या टिचक्या मारूनच फिरायला लागतो. सोडवताना तुटला असेल, तर आटे गंजाने धरलेत. ही दुखणी दोन वेगळी, आणि मेसेज दोन्हींना एकच काढा पाजतो.

कोलाचं आधी उरकतो. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं हे खरं, आणि सुटा गंजका नट रात्रभर त्यात बुडवला तर बऱ्यापैकी साफ निघतो हेही खरं. पण ते साखरेचं पाणी आट्यांच्या फटीत शिरत नाही, वरून ओघळून जातं आणि मागे चिकटा ठेवतं. फटीत शिरतं ते पेनेट्रेटिंग ऑइल. तेही पाच मिनिटांत नाही. संध्याकाळी मारा, हातोडीने चार-सहा टिचक्या द्या, झोपण्यापूर्वी पुन्हा मारा आणि पान्याला सकाळी हात लावा.

आता तो ‘लालभडक’. उष्णतेने बोल्ट सुटतो, हे मान्य करावंच लागेल. कुठे आणि किती तापवायचं, तिथे मात्र मेसेजने माती खाल्ली आहे. इंजिनचं हेड, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, गिअरबॉक्सचं आवरण हे बहुतेक गाड्यांत अॅल्युमिनियमचं असतं. स्टील उजेडात लाल दिसायला ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी. शिवाय अॅल्युमिनियम वितळण्यापूर्वी लाल होऊन इशारा देत नाही. आहे तसंच चंदेरी दिसत राहतं आणि एकदम ढासळतं. त्यात हे काम आपल्याकडे अंगणात, भर उन्हात चालतं. सोलापूरच्या उन्हात स्टीलची मंद लाली डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे माणूस ‘अजून थोडं’ म्हणत आणखी तापवतो.

कॅलिपरजवळ तर ज्योत नेऊच नका. पिस्टनचं रबरी सील, धुळीचं बूट, एबीएसची वायर आणि हबच्या बेअरिंगमधलं ग्रीस हे सगळं वीतभर अंतरात असतं. आदल्या रात्री मारलेल्या स्प्रेचं तेल पेट घेतं. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तिथे मारला असेल आणि तो पूर्ण उडून गेला नसेल, तर ज्योतीने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. शॉक अॅब्सॉर्बर बंद नळकांडं असतं, तापवलं तर फुटू शकतं. आणि घरचा सिलिंडर? त्याचा रेग्युलेटर शेगडीपुरता कमी दाब देतो. त्यावर टॉर्च धड चालत नाही म्हणून लोक जास्त दाबाचा रेग्युलेटर आणून लावतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरवर, गाडीखाली आडवं पडून! सीएनजीची गाडी असेल तर पुढचं लिहायलाच नको.

शहाणी रीत अशी. अॅल्युमिनियमच्या भागात बोल्ट अडकला असेल तर हीटगनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) भोवतालचा भाग तापवा, बोल्ट नव्हे. १५० अंश पुरे. पाण्याचा थेंब टाकला की चर्रकन उडून गेला पाहिजे. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे ८ मिलिमीटरच्या भोकात मिलिमीटरचा शंभरावा भाग जागा मिळते. तेवढ्याने गंजाची पकड मोडते. मग मेणबत्ती टेकवा, मेण वितळून फटीत ओढलं जातं. थंड होऊ द्या, पुन्हा तापवा. घाई नको.

ईझी-आउटवरही बोललं पाहिजे, कारण या सल्ल्याने दुरुस्तीचा खर्च दसपट होतो. साधा हिशोब करा. ८ मिलिमीटरचा अख्खा बोल्ट जिथे तुटला, तिथे त्याच्या पोटात घातलेला त्याच्या निम्म्या जाडीचा ईझी-आउट टिकेल कसा? तो निमुळता असतो. ठोकला की बोल्टची भिंत बाहेर फुगते आणि तुकडा उलट घट्ट बसतो. वर तो इतका कडक पोलादाचा असतो की वाकत नाही, कट्कन मोडतो. मोडला की ड्रिलचं साधं बिट त्यावर नुसतं घसरतं. मग तो भाग उतरवून एमआयडीसीत स्पार्क इरोजनचं, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं, मशीन असलेली टूलरूम गाठायची. आवळताना तुटलेल्या, गंज नसलेल्या तुकड्याला ईझी-आउट चालतो. जिथे गरज असते तिथेच तो दगा देतो.

गंजलेल्या तुकड्यासाठी क्रम असा ठेवा. तुकडा पाच-सात मिलिमीटर बाहेर असेल तर व्हाइस ग्रिप, म्हणजे घट्ट अडकून बसणारी पकड, मागे-पुढे करत. जरासा फिरला की पुन्हा तेल. भोकाच्या पातळीत तुटला असेल आणि भाग स्टीलचा किंवा बिडाचा असेल, तर वर नट ठेवून नटाच्या पोटातून वेल्डिंग भरून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायची आणि अर्थिंगचा चिमटा तुकड्याच्या शक्य तितका जवळ लावायचा. नट जरा निवला की फिरवा. वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टमध्ये जाते, म्हणून ही रीत ईझी-आउटपेक्षा कितीतरी भरवशाची आहे. अक्कलकोट रोडला लूमचे सुटे भाग करणारा कुठलाही चांगला वेल्डर हे करून देईल.

तेही जमत नसेल तर ड्रिल. तुटलेलं तोंड कानसने सपाट करा, सेंटर पंच नेमका मध्ये मारा. अर्धा मिलिमीटर सरकला तरी बिट शेवटी मऊ अॅल्युमिनियममध्ये उतरतं. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मंद गती, कटिंग ऑइल. डाव्या आट्याचं, म्हणजे उलट दिशेने फिरून कापणारं, बिट मिळालं तर तेच वापरा, कधी कधी ड्रिल करतानाच तुकडा बाहेर येतो. नाही आला तर भोक एम८ ला (८ मिलिमीटरच्या बोल्टला) ६.८ पर्यंत, एम६ ला ५ पर्यंत वाढवा, उरलेली आट्यांची वळी टोच्याने उचला आणि आटे पाडायचा टॅप फिरवा. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी भोकात बसवायची तारेची गुंडाळी.

चाकाचा स्टड (ज्यावर चाकाचा नट बसतो तो खिळा) तुटला असेल तर यातलं काहीच लागत नाही. तो हबमध्ये मागून दाबून बसवलेला असतो. ठोकून काढा, नवा ओढून बसवा.

ग्रीस आणि ‘दम लागेपर्यंत’ ही जोडी म्हणजे पुढचा बोल्ट तोडायची तयारी. पान्याचा बहुतेक जोर घर्षणात जातो, बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. ग्रीसने घर्षण कमी झालं की त्याच जोराला ताण बराच वाढतो. एम८, ८.८ दर्जाच्या (हा ताकदीचा आकडा मुंडीवर असतो) बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे दोन फुटी पाइपच्या टोकाला सव्वाचार किलोचा ओढा. दम कसला लागतोय? गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असतो, टॉर्क रेंच (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना) भाड्याने किंवा ओळखीने मिळतो.

राहिला हार्डवेअरचा बोल्ट. कंपनीचाच हवा असं नाही, एवढं मेसेजचं बरोबर. पण भारतीय मानक आयएस १३६७ काय सांगतं ते बघा. मुंडीवर ८.८ असलेला बोल्ट ८०० मेगापास्कल (ताणाचं माप) ला तुटतो आणि ६४० पर्यंत ताणून परत येतो. ४.६ चा साधा बोल्ट २४० लाच कायमचा लांबतो. दिसायला दोन्ही सारखे. मुंडी कोरी असेल तर तो ब्रेकला, सस्पेन्शनला, स्टिअरिंगला लावू नका. मूळ बोल्टवर १०.९ असेल तर १०.९ च आणा. आणि ‘तोच आटा’ डोळ्याने कळत नाही. जपानी घराण्याच्या गाड्यांत एम१० चा आटा बहुधा १.२५ मिलिमीटर अंतराचा, दुकानात सर्रास मिळतो तो १.५ चा. तो दोन फेरे सुरळीत जातो, मग अडतो, आणि पाइप लावला की भोकातलेच आटे खातो. दुकानात जाताना शेजारचा शाबूत बोल्ट खिशात न्या, पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून घ्या, आणि व्यास, आटा, दर्जा, मुंडी सोडून लांबी असं चारही सांगून मागा: दहा बाय सव्वा, आठ पॉइंट आठ, तीस लांब.