"दोन केबलींचे पैसे घेतले, स्पीड तेवढाच" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. शिरोली एमआयडीसीतल्या तुमच्या फौंड्रीचं ऑफिस आणि शेड, दोन्हीकडचे नेटवर्कचे स्वीच आम्ही दोन केबलींनी जोडले. स्पीड दुप्पट सांगितला पण फाईल कॉपी सेकंदाला ११२ एमबीच्या वर जात नाही, आणि मंगळवारी दोन्ही केबली एकदम बंद पडून डिस्पॅच तीन तास अडलं, असं तुम्ही लिहिलंय. दुसरी गोष्ट पूर्ण आमची चूक, म्हणून आधी तीच.

दोन्ही केबली आम्ही एकाच पाईपातून नेल्या. पॅटर्न शॉपच्या मागं पाईप वळतो तिथं उंदरानं दोन्ही कुरतडल्या. कापून काढलेला तुकडा माझ्या टेबलावर आहे, निळी आणि करडी, दोन्हीची तांब्याची तार उघडी. एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून तर दोन टाकायच्या! काल तात्पुरत्या नव्या ओढल्यात. रविवारी त्यातली एक कँटीनच्या बाजूनं, जीआय पाईपातून नेतो. एक रुपया घेणार नाही.

आता स्पीड. कोटेशनमध्ये "दुप्पट" हा शब्द आम्ही लिहायला नको होता. दोन केबली मिळून एक जोडणी करायची जी एलएसीपी पद्धत आम्ही वापरली, तिच्यात एका पीसीची एक कॉपी एकाच केबलीनं जाते. पॅकेटचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचा, क्रम बिघडू नये म्हणून या पद्धतीच्या २००० सालच्या ८०२.३एडी स्टँडर्डपासून तसंच आहे. १ जीबीपीएसच्या (सेकंदाला एक गिगाबिट) केबलीतून सेकंदाला ११०-११८ एमबीच निघतात, म्हणजे तुमची केबल पुरी भरून चालली आहे. फायदा दिसतो तो चार-पाच जण एकदम सर्व्हरवरची ड्रॉइंग उघडतात तेव्हा.

पण तोही तुम्हाला मिळत नव्हता, हे काल तिथं बसल्यावर कळलं. ऑफिसचा स्वीच कुठली कॉपी कुठल्या केबलीनं जाईल याची वाटणी पाठवणाऱ्याच्या मॅक ॲड्रेसवरून (नेटवर्क कार्डाचा ठरलेला नंबर) करत होता. पाठवणारा सर्व्हर एकच, म्हणून सगळा भार एका केबलीवर आणि दुसरी रिकामी. सेटिंग बदलून आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्टवर (प्रत्येक जोडणीचा नंबर) नेलं. सर्व्हरला १० जीचं (१० जीबीपीएस) कार्ड आहेच, त्यामुळं शेडमधल्या दोन पीसीवर एकदम कॉपी लावली तर दोन्हीकडं शंभराच्या वर मिळाले. कधी दोघं एकाच केबलीवर पडतीलही, हे आत्ताच सांगतो. मग तुमच्या सुपरवायझरसमोर एक केबल उपसली. पिंग (लाईन चालू आहे का ते तपासणारा सिग्नल) एकदाच चुकला, कॉपी चालू राहिली.

एकच मोठी फाईल लवकर हवी असेल तर शेडपर्यंत फायबर आणि १० जीची मॉड्यूल लागतील. तुमच्या रोजच्या कामाला मला तो खर्च गरजेचा वाटत नाही.

रविवारी सकाळी नऊला येतो. रॅकची चावी तेवढी वॉचमनकडं ठेवायला सांगा.