ताजमहाल हॉटेल 'उलटे' बांधले गेले नाही

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाविषयी एक गोष्ट गेली कित्येक वर्षे गेटवेपाशी पर्यटकांना तोंडी सांगितली जाते, आणि आता ती मोबाइलवरच्या संदेशांतूनही फिरते. हॉटेलाचा नकाशा एका इंग्रज वास्तुविशारदाने केला, नकाशा कंत्राटदाराच्या हाती देऊन तो विलायतेस गेला, इथल्या लोकांना तो नीट वाचता आला नाही आणि दर्शनी बाजू समुद्राऐवजी शहराकडे तोंड करून उभी राहिली. परत आल्यावर हे पाहून त्याला धक्का बसला आणि त्याने त्याच इमारतीवरून उडी मारून जीव दिला, अशी ही गोष्ट आहे. पुरावा म्हणून 'मूळ दरवाजा मागच्या बाजूला होता' हे वाक्य जोडले जाते आणि शेवटी, युरोपीयांसाठीच्या वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारल्याचा सूड म्हणून जमशेटजी टाटांनी हे हॉटेल बांधले, असेही सांगितले जाते. यातले एक विधान खरे आहे. तेवढ्या एकाच्या आधारावर बाकीची खपून जातात, म्हणून ती एकेक करून तपासावी लागतात.

पहिले विधान इंग्रज वास्तुविशारदाचे. ताजचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघा भारतीयांचा आहे. वैद्य हे काही आडबाजूचे नाव नव्हे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, बांधकामावर ते सहायक अभियंता होते. बांधकामाचे कंत्राट खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्याकडे होते, आणि मधल्या घुमटाखालचा, खांबांच्या आधाराविना वर चढत जाणारा प्रसिद्ध जिना त्यांनीच रचला असे मानले जाते. असा जिना उभा करणाऱ्या माणसाला नकाशाची पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे कळले नाही, असे मानायचे असेल, तर मानणाऱ्याने आधी तो जिना बघून यावा. डब्ल्यू. ए. चेम्बर्स हे इंग्रज अभियंता या कामावर आले हे खरे आहे. पण ते नंतर आले आणि त्यांनी काम पूर्ण केले. ही गोष्ट सांगताना एका मराठी माणसाचे श्रेय अनामिक साहेबाला दिले जाते आणि चूक तेवढी देशी कंत्राटदाराच्या माथी मारली जाते, हे सांगणाऱ्यांच्या लक्षात येत नाही याचे मला नेहमीच आश्चर्य वाटते.

दुसरे विधान असे की सगळी इमारत पुरी होईपर्यंत चूक कोणाच्याच लक्षात आली नाही. हे बांधकामाच्या रीतीत बसत नाही. ताजची जुनी इमारत इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची आहे: लांब बाजू पूर्वेला बंदराकडे, आणि दोन्ही टोकांपासून दोन पंख पश्चिमेला शहराकडे गेलेले. हा आराखडा उलटा झाला असता तर मधले मोकळे अंगण समुद्राकडे उघडले असते, आणि ते जोत्याची आखणी करण्यासाठी चुन्याच्या रेघा मारल्या त्याच दिवशी कोणालाही दिसले असते. काम १८९८ साली सुरू झाले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. मालक कुठे परदेशी राहणारा नव्हता, याच शहरातला होता. जमशेटजींचे घर, एस्प्लनेड हाऊस, फोर्टाच्या कडेलाच होते, आणि हॉटेलासाठी लागणारे सामान युरोपात स्वतः हिंडून निवडणारा हा गृहस्थ दरवाजा कोणीकडे आहे हे पाहिल्याशिवाय राहिला असेल, हे पटत नाही. इमारतीवर स्वतः नजर टाकली तरी हेच दिसते. चुकून मागे राहिलेली बाजू म्हणजे सांडपाण्याचे नळ, लहान खिडक्या आणि साधा गिलावा. ताजची समुद्राकडची बाजू तशी नाही. तिच्यावर मजल्यामागून मजला पुढे काढलेले सज्जे आहेत, कोपऱ्यांवर घुमटीचे मनोरे आहेत, आणि मोठा घुमट नेमका तिच्या मध्यावर उभा आहे. ती बाजू कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून नव्हे, पाहिली जावी म्हणूनच घडवलेली आहे.

'मूळ दरवाजा मागे होता' हे ते खरे विधान. प्रवेश शहराच्या बाजूनेच होता. दोन पंखांच्या मधल्या अंगणात, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथून, पाहुणे आत येत. पण यावरून चूक कशी सिद्ध होते? पाहुणे फोर्टातून आणि बोरीबंदरकडून घोडागाडीने येत, आणि गाड्या वळवायला, उभ्या करायला, सामान उतरवायला दोन पंखांमधली आडोशाची जागा सोयीची होती. शिवाय बंदराकडची बाजू गाड्यांच्या वर्दळीतून मोकळी ठेवली की समुद्र दिसणाऱ्या खोल्या निवांत राहत. त्या काळी अपोलो बंदरावर नावेने उतरणारे प्रवासीही होते, तेव्हा समुद्राकडून दार असण्यालाही काही कारण होते, असा आक्षेप रास्त आहे. त्यावरून फार तर दुसराही पर्याय होता एवढे ठरते, पहिला पर्याय चुकून निवडला गेला असे ठरत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट विसरली जाते. आज समुद्राची बाजू हीच 'पुढची' वाटते, कारण समोर गेटवे आहे. १९०३ साली गेटवे नव्हता. त्याची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसली, जॉर्ज विटेट यांचा अंतिम आराखडा १९१४ साली मंजूर झाला, त्यानंतर अपोलो बंदरापाशी भर घालून जमीन आणि समुद्राची भिंत तयार करण्यात आली, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे ज्या चौकात उभे राहून आपण ताज 'पाठमोरा' असल्याचे ऐकतो, तो चौक या रूपात हॉटेलानंतर वीस वर्षांनी आला. कमानीच्या शेजारी उभा असलेला ताजचा टोलेजंग मनोरा तर १९७३ सालचा आहे. मूळ मांडणी समजून घ्यायची असेल तर फोटो काढून झाल्यावर वळसा घालून मागच्या बोमन बेहराम मार्गावर, जुन्या मेरीवेदर रस्त्यावर, जावे. तिथून हॉटेल शहराशी कसे जोडलेले होते याचा अंदाज येतो. मात्र बहुतेक सहली तिकडे फिरकत नाहीत.

आत्महत्येविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वैद्य बांधकाम चालू असतानाच आजाराने वारले, म्हणजे पुरी झालेली इमारत पाहून धक्का बसायला ते राहिलेच नव्हते. चेम्बर्स यांनी त्यांच्यानंतर काम हाती घेतले. शिवाय ही गोष्ट मुंबईची म्हणून सांगितली जात असली तरी ती एकट्या मुंबईची नाही. ग्लासगो शहरातल्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयाविषयी अगदी हीच कथा तिथले लोक सांगतात: इमारत उलटी बांधली गेली, वास्तुविशारदाने मनोऱ्यावरून उडी मारली. ते संग्रहालय १९०१ साली उघडले आणि उद्यानाकडे तोंड करूनच योजलेले होते. त्याच्या दोन वास्तुविशारदांपैकी जॉन सिम्पसन हे पुढे १९२३ च्या वेम्बली स्टेडियमच्या कामात होते आणि १९३३ पर्यंत जगले. एकाच साच्यातला मृत्यू दोन देशांतल्या दोन इमारतींना चिकटतो, तेव्हा साच्याकडेच संशयाने पाहायला हवे.

राहता राहिला वॉटसनचा सूड. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल युरोपीयांसाठीचे म्हणून ओळखले जाई, यात वाद नाही. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी सांगाड्यावर ते उभारले गेले, आणि ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा मुंबईतला पहिला खेळ तिथेच झाला. जमशेटजींना तिथून परत पाठवले गेले असेल, अशक्य काही नाही. पण कापडगिरण्या चालवणारा, पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्था यांची आखणी एकाच वेळी करणारा हा उद्योजक एका दारवानाच्या उद्धटपणापायी एवढे भांडवल गुंतवतो, यापेक्षा मुंबईला साजेसे हॉटेल नाही ही त्या वेळच्या शहरात बोलली जाणारी उणीव त्याने हेरली, हे कारण मला अधिक सयुक्तिक वाटते. अपमानाच्या प्रसंगाची त्याच काळातली नोंद कोणी दाखवली, तर मत बदलायला हरकत नाही. तोवर त्याला ऐकीव गोष्टीपेक्षा अधिक मान देता येणार नाही.