झूमच्या आकड्यावर पहिला नंबर नको

छोट्या कॅमेऱ्यांना नंबर देणारा हा लेख छान आहे पण त्यात कॅननच्या एसएक्स ७४० ला ४० एक्स (४० पट) झूमसाठी पहिला नंबर आणि सोनीचा पहिला आरएक्स १०० खाली, हे मला अजिबात नाही पटलं. दोन्हीत मेगापिक्सेल २० च आहेत हो, खरा फरक सेन्सरचा, म्हणजे आत प्रकाश टिपणाऱ्या चिपचा. सोनीचा 'एक इंची' म्हणतात तो (हे नुसतं नाव), प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिमी, कॅननचा साधारण ६.२ बाय ४.६, क्षेत्रफळात चौपट फरक! नाशिकच्या रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीला उभं राहून बघा, आकाश काळवंडत चाललेलं, खाली दिव्यांचा पिवळा उजेड, माणसं सारखी हलतायत, अशा वेळी आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढला की छोट्या सेन्सरवर चेहरे पुसल्यासारखे होतात. त्यात सोनीची लेन्स वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ १.८ ला उघडते आणि कॅननची ३.३ ला (आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), म्हणजे पावणेदोन स्टॉप प्रकाश जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). झूम केलं की सोनीपण ४.९ वर जाते, ते मान्य.

आता हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे सोनीच्या पूर्ण झूमला, म्हणजे १०० मिमीत, पक्षी म्हणजे नुसता ठिपका, कॅननचे ९६० मिमीच कामाला येतात आणि ऊनही भरपूर असतं. फक्त उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) या दोघांतही नाही, तो हवा तर २०१४ चा आरएक्स १०० मार्क ३ बघा.

सेकंडहँड घेणार असाल तर एफ ८ ला कोऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग तपासा, आत धूळ गेली की कॅमेरा खोलावाच लागतो.