दुसऱ्याचे वाचले की प्रभाव पडतो म्हणे

काही दिवसांपूर्वी एका नवोदित कवीने आपल्या साठेक कवितांचे बाड अभिप्रायासाठी माझ्याकडे दिले. सध्या काय वाचत आहात, असे मी सहज विचारले, तर उत्तर आले, ‘मुद्दाम काही वाचत नाही, दुसऱ्याचा प्रभाव पडतो.’ मी पेन्सिल घेऊन बाड वाचायला बसलो. पापण्यांच्या कडा सात ठिकाणी ओलावल्या होत्या, आठवणींचा पाऊस नऊ वेळा पडून गेला होता आणि चांदणे जिथे आले तिथे ते टिपूरच होते. चित्रपटगीते आणि मोबाइलवर फिरणाऱ्या निनावी ओळी यांचा प्रभाव पुरेपूर पडला होता. वाचन टाळल्याने उसनवारी टळत नाही. ती कुणाकडून केली, हे मात्र आपल्याला कळेनासे होते.

प्रभावाला इतके भिण्याचे कारण मला आजवर समजलेले नाही. मर्ढेकरांच्या 1939 च्या ‘शिशिरागम’मध्ये बालकवी आणि माधव जूलियन यांचे सूर स्पष्ट ऐकू येतात. 1947 च्या ‘काही कविता’मध्ये ते सूर मागे पडले, पण यंत्रयुगातल्या माणसाची कोंडी मांडताना त्यांनी जवळ केले ते संतांचे अभंग आणि ओवी. तो छंद कानात मुरलेला नसता, तर तो असा अनपेक्षित जागी वापरण्याचे धाडस त्यांना सुचले तरी असते का? गझलेचेही तसेच आहे. यमकातला न बदलणारा स्वर, म्हणजे अलामत, कशी सांभाळायची, हे व्याख्या पाठ करून फारसे साधत नाही. चांगल्या पन्नास गझला मनापासून वाचलेल्या माणसाला मात्र ती चुकली की ओळ आपोआप खटकते.

गद्य लिहिणाऱ्यांनीही यातून सुटका मानू नये. ‘ती आली’ आणि ‘आली ती’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत, पण दुसऱ्यात कुणीतरी बराच वेळ वाट पाहिली आहे, असे जाणवते. क्रियापद जागचे हलवल्याने एवढे घडते, हे मला कोणत्याही कार्यशाळेत कळले नाही. एका कथेतल्या अशाच वाक्याशी अडखळून मी तो परिच्छेद चार वेळा वाचला, तेव्हा कळले. लेखकाचे वाचन असे सावकाश, मागे वळून होते. वर्षाला किती पुस्तके संपवली याच्या याद्या पाहिल्या की मला थोडी धास्तीच वाटते.

माझी स्वतःची फजिती सांगतो. न उघडलेल्या पत्रावर संपणारी एक कथा मी लिहिली होती आणि त्या शेवटावर भलताच खूश होतो. कथा छापून आल्यावर वर्षभराने एका जुन्या संग्रहात तोच शेवट सापडला, तोही माझ्याहून निम्म्या शब्दांत. ती चोरी नव्हती, निव्वळ अज्ञान होते, पण वाचकाला त्या दोहोंतला फरक कुठून कळणार?

समकालीनांना वाचण्याबद्दल तर बोलायलाच नको. आपली कविता म्हणून झाली की कविसंमेलनातून मागच्या दाराने निघून जाणारे कवी मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि आपल्याला श्रोते मिळत नाहीत ही तक्रार बहुधा त्यांचीच असते.

ते बाड परत देताना मी पेन्सिलीच्या खुणा खोडल्या नाहीत, सोबत तीन काव्यसंग्रह मात्र दिले. ते अजून परत आलेले नाहीत आणि मीही ते मागितलेले नाहीत.