पिकअप उंच केल्याने पांदण सुटत नाही

पावसाळा तोंडावर आला की विदर्भातल्या गावागावांत, विशेषतः मालवाहू पिकअप चालवणाऱ्यांच्या मोबाइलवर, एक सल्ला फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो: फोर-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) गाडी परवडत नसेल तर साध्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपला दोन-तीन इंचांची सस्पेन्शन लिफ्ट (गाडी चाकांपासून वर उचलणारा बदल) बसवून घ्या, म्हणजे गाडी चिखलात फसणार नाही, रपट्यावरच्या (नाल्यावरच्या बुटक्या फरशी पुलावरच्या) पाण्यातून ती सहज निघेल, पुढच्या चाकांना जोर पोहोचवणारा शाफ्टच नसल्यामुळे कशालाही धोका पोहोचणार नाही, पाटे (मागच्या सस्पेन्शनच्या लोखंडी पट्ट्या) वाढल्याने माल जास्त बसेल, आणि आरटीओत याबद्दल कोणी विचारत नाही. एका सल्ल्यात पाच दावे आहेत. त्यांतला एक निम्मा खरा आहे आणि बाकीचे शेतकऱ्याच्या खिशाला आणि जिवाला महाग पडणारे आहेत.

चिखलाचा दावा सर्वांत जास्त गळी उतरतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. ओल्या पांदणीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, गाडी फसते तेव्हा नेमके काय होते, हे मागच्या चाकाजवळ वाकून पाहिल्यावर कळते. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. ती टायरच्या खाचांत बसली की नक्षी दिसेनाशी होते आणि चाक लिंपून काढल्यासारखे गुळगुळीत होते. मग मागचे एक चाक जागच्या जागी गरगरते आणि दुसरे ढिम्म हलत नाही. साध्या डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीची, रचनाच अशी असते की दोन्ही चाकांना मिळणारा पिळाचा जोर जवळजवळ सारखा राहतो. त्यामुळे घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर पेलवतो तेवढाच, म्हणजे नगण्य, जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो. त्यातच रिकाम्या पिकअपचे वजन इंजिनामुळे पुढे एकवटलेले असते आणि ओढणारी मागची चाके हलकी राहतात. लिफ्टने या तिन्ही गोष्टींत काडीचाही फरक पडत नाही: मातीची पकड तीच राहते, डिफरन्शियल तेच राहते आणि मागच्या चाकांवरचे वजनही तेवढेच राहते.

यावर एक उत्तर दिले जाते, ते असे की उंच गाडीचे वजन चढावर मागे जास्त झुकते. हे तत्त्वतः बरोबर आहे, पण हिशेब करून पाहावा. दीड टनाची रिकामी गाडी, तीन मीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर), पाचास एक असा चांगलाच उभा चढ आणि गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटरने वर गेला असे धरले, तर मागच्या चाकांवर वाढणारे वजन पाच किलोच्या आसपास येते. त्याऐवजी युरियाच्या 45 किलोच्या दोन गोण्या मागच्या फाळक्याला टेकवून नीट बांधल्या, तर तेच काम कितीतरी पटींनी जास्त होते आणि त्याला वेगळा खर्चही लागत नाही.

आता उंचीबद्दल. पांदणीतून ट्रॅक्टर आणि बंड्या (बैलगाड्या) जाऊन जाऊन चाकोऱ्या खोल होतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. फसलेली पिकअप ट्रॅक्टरने ओढून काढल्यावर त्या उंचवट्यावर एक सरळ, चकचकीत घळ पडलेली दिसते. ती मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्याने कोरलेली असते. बहुतेक सर्व मालवाहू पिकअपना मागे अखंड अ‍ॅक्सल असतो आणि तो थेट चाकांवर उभा असतो. पाट्याखाली ठोकळा घाला, शॅकल लांब करा किंवा पाटा वाढवा, वर उचलली जाते ती चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा. गोळा आणि जमीन यांच्यातले अंतर मिलिमीटरनेही वाढत नाही. ते वाढवण्याचा मार्ग मोठे टायर हा आहे, आणि तिथेही टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर गोळा एकच इंच वर जातो. शिवाय मोठ्या टायरमुळे गिअर जड पडतो, भरलेली गाडी उठवताना क्लच जळतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

लिफ्टचा एक फायदा मात्र खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. शेताचा धुरा (बांध) ओलांडताना किंवा नाल्याच्या काठावरून उतरताना बंपर, डिझेल टाकी, सायलेन्सर आणि गाडीचे पोट यांना जास्त वाव मिळतो. ज्याची वाट मुरमाची, दगडाची आणि उंचसखल आहे आणि ज्याची गाडी पोटावर घासते, त्याने याचा विचार जरूर करावा. पण विदर्भात पावसाळ्यात अडचण येते ती बहुतेक वेळा चिखलाची, आणि घासणारी गाडी व घसरणारी गाडी हे दोन वेगळे आजार आहेत.

तरीही मागची बाजू खरोखरच बसल्यासारखी दिसत असेल, तर आधी पाटे पाहावेत. वर्षानुवर्षे माल वाहून पाट्यांची कमान मोडते आणि गाडी मूळ उंचीपेक्षा खाली येते. पाटेवाल्याकडून कमान मारून घेतली किंवा मुख्य पाटा बदलला, बुश नवे टाकले, तर कंपनीने दिलेली उंची परत मिळते. ती लिफ्ट नव्हे, दुरुस्ती आहे, आणि ती कायद्यातही बसते. चिखलासाठी मागे जाड, मोकळ्या खाचांचे टायर घालावेत. रिकाम्या गाडीच्या टायरमधली हवा पांदणीपुरती बेताने कमी करावी आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी पुन्हा भरावी. पऱ्हाटीच्या किंवा तुराट्यांच्या पेंढ्या गाडीत ठेवाव्यात, कारण फसलेल्या चाकापुढे दाबून घातलेली पेंढी अनेकदा गाडी बाहेर काढते. आणि खरा उपाय रस्त्याचाच आहे. राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्री ग्राम समृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली आहे. चार शेजाऱ्यांनी मिळून पांदणीवरची अतिक्रमणे मोकळी करून ग्रामपंचायतीकडे ठराव लावून धरला, तर त्याचा उपयोग प्रत्येकाच्या गाडीला आणि बंडीलाही होतो.

रपट्याबद्दलचा दावा मात्र वाचून अंगावर काटा येतो. वाहत्या पाण्याचा धक्का त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, आणि दोन फूट खोल वाहते पाणी पिकअपसारखी गाडीही ढकलून नेऊ शकते. डोंगरात पाऊस पडला की नाल्याला दोन इंच चढायला काही मिनिटे पुरतात. त्यापुढे लिफ्टचे दोन इंच कुठे टिकणार? रपट्याला कठडे नसतात, गढूळ पाण्यात त्याची कड दिसत नाही आणि खाली स्लॅब खचला आहे की शाबूत आहे हेही कळत नाही. स्थिर पाण्यातही चाकांचे बेअरिंग आणि मागचा गोळा पूर्वीच्याच उंचीवर असतात; तापलेला गोळा पाण्यात अचानक गार पडला की ब्रीदरमधून (गोळ्याच्या हवेच्या भोकातून) पाणी आत ओढले जाते आणि तेल दुधाळ होते. रपट्यावर पाणी असेल तर थांबावे. त्यात दोन-चार तास जातील, एखाद वेळी बाजार चुकेल, पण दुसरा शहाणा मार्ग नाही.

पुढच्या चाकांना शाफ्ट नसल्याने धोका नाही, हा तो निम्मा खरा दावा. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी उचलली की पुढच्या अ‍ॅक्सल शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो आणि ते लवकर झिजतात. टू-व्हील-ड्राइव्हला ही अडचण नाही. पण पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर आर्मचे कोन बदलतात, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड ताणात राहतात आणि अलाइनमेंट न केल्यास टायर एका कडेने झिजतात. मागे इंजिनाचा जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याच्या सांध्याला, म्हणजे क्रॉसला, थरथर येते. हेडलाइटचा झोत वर जातो आणि रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांवर पडतो; तो खाली घेण्याचा स्क्रू असतो, पण लिफ्ट बसवल्यानंतर तो फिरवायचे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

माल जास्त बसेल, या दाव्याबाबत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. गाडीचे कमाल वजन अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस आणि ब्रेक मिळून ठरवतात, आणि तेच आरसी बुकात लिहिलेले असते. एक पाटा वाढवला म्हणून यांतले काहीच बळकट होत नाही. उलट ब्रेक कमजोर पडू शकतो. अनेक पिकअपना मागच्या ब्रेकसाठी भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, त्याला गॅरेजमध्ये एलएसपीव्ही म्हणतात. तो चेसिसला बसवलेला असतो आणि त्याची दांडी मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसिस खाली येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. ठोकळा घालून चेसिस दोन इंच वर नेली की व्हॉल्व्हला भरलेली गाडीही हलकी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. वरुड-मोर्शीकडून संत्र्यांनी भरलेले कॅरेट घेऊन नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात निघालेल्या किंवा मेळघाटातला घाट उतरणाऱ्या गाडीत याचा अर्थ काय होतो, हे ड्रायव्हरला वेगळे सांगायला नको.

त्यात उलटण्याचा धोका वाढतो. चाकांमधले आडवे अंतर 1.4 मीटर आणि गुरुत्वमध्य 0.7 मीटरवर धरला, तर तो पाच सेंटिमीटर वर गेल्यावर गाडी उलटण्यापूर्वी पेलू शकणारा आडवा जोर सुमारे 7 टक्क्यांनी घटतो. फळ्या लावून वरपर्यंत कापूस भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर असतो. समोर अचानक रोही (नीलगाय) आली आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवावे लागले, तर गमावलेले ते 7 टक्के भारी पडतात.

राहिला आरटीओचा प्रश्न. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस तपासणी करावी लागते, त्यामुळे कोणी विचारत नाही हे म्हणणेही टिकत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली पाहतो, तेव्हा हा ठोकळा दाव्याच्या आड येऊ शकतो.

ज्यांनी आधीच लिफ्ट बसवली आहे त्यांनी पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे मूळ यू-बोल्ट आणि मूळ पाटे परत घालून घ्यावेत. तोपर्यंत निदान मागच्या ब्रेकच्या रबरी नळीला गाडी जॅकवर लटकत असताना ताण येतो का ते पाहावे, यू-बोल्टचे नट पुन्हा आवळून घ्यावेत, एलएसपीव्हीची दांडी जाणकार मेकॅनिककडून तपासावी, अलाइनमेंट करून हेडलाइट खाली घ्यावेत, आणि हे सर्व होईपर्यंत गाडीत माल भरू नये.