‘तीन महिन्यांचा हेडफोन’ या मेसेजला उत्तर

सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी सुरू झाली, त्या दिवसांत आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज आला. तो अजूनही फिरतो आहे. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: हेडफोन ही वापरून फेकायची वस्तू आहे. दीडशेचा घ्या की दोन हजारांचा, तीन महिन्यांत एक कान बंद पडणारच. कंपन्या आतली तार मुद्दाम बारीक ठेवतात, त्यामुळे जपून काही उपयोग नाही. आवाज कमी झाला तर सुईने जाळी मोकळी करा, भिजला तर तांदळाच्या डब्यात ठेवा, तरी नाही जमलं तर आवाज वाढवायचं अ‍ॅप टाका. आणि कटकटच नको असेल तर वायरलेस घ्या, त्याला तार नाही म्हणजे बिघाड नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, एका गावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. कोणी याला हँडफ्री म्हणतं, कोणी कॉड, पण आठवडी बाजाराच्या दिवशी माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त तेच येऊन पडतात. दीडशे रुपये म्हणजे वेचणीला जाणाऱ्या बाईच्या कष्टाचे पैसे. ते दर तीन महिन्यांनी फेकायलाच लागतात असं तिला कोणी सांगत असेल, तर मला गप्प बसवत नाही.

आधी तारेचं बघू. तार बारीक असते हे खरं. पण ती मुद्दाम लवकर तुटावी म्हणून बारीक असते, हे उलटं आहे. पक्कड हाताशी नसली की आपण कुंपणाची तार कशी तोडतो? एकाच जागी पुढे-मागे, पुढे-मागे वाकवतो. चार-आठ वेळा वाकवली की ती गरम होते आणि तुटते. जाड तार वाकवली की तिच्या बाहेरच्या अंगावर जास्त ताण येतो, म्हणून ती लवकर जाते. तेच केसासारखे बारीक तांब्याचे धागे एकत्र वळले तर ते कितीतरी जास्त वेळा वाकतात. हेडफोनच्या तारेत असेच धागे असतात, त्यांच्यावर रोगणाचा पातळ थर असतो आणि मधून बळकटीसाठी सुताचे किंवा नायलॉनचे तंतू घातलेले असतात. म्हणजे बारीकपणा हीच तिची ताकद आहे.

मग तुटते कुठे? टेबलावर येणारे हेडफोन मी उघडून बघतो तेव्हा मधली तार जवळजवळ नेहमी धडधाकट असते. तुटलेली जागा तीनपैकी एक निघते: पिनच्या मागे, जिथे एका तारेच्या दोन होतात तिथे, नाहीतर कानातल्या बोंडाच्या तोंडाशी. तिन्ही ठिकाणी मऊ तार कडक प्लास्टिकमध्ये शिरते, आणि वाकण्याचा सगळा भार त्या एका रेषेवर येतो. पिनच्या मागे रबराची जी छोटी शेपटी असते, ती याच कामासाठी दिलेली असते, बाक पसरून घ्यायला.

आता आपण काय करतो ते बघा. पिन लावलेला मोबाईल पँटच्या खिशात टाकतो आणि तसाच मोटरसायकलवर बसतो. पिन काढायची तर तार धरून ओढतो. रात्री कानात घालून झोपतो, कूस बदलतो आणि बोंडाजवळची तार उशीखाली मुडपते. घरी आलो की मोबाईलभोवती करकचून गुंडाळून ठेवतो. वेचणीत तार सदऱ्याच्या बाहेर लोंबत असते, ती पऱ्हाटीत अडकते आणि कानातून खसकन ओढली जाते. वर्गणीदारासारखी नेमाने दुकानात येणारी एक काकू आहे. तिचा हेडफोन दर वेळी कानाजवळच तुटायचा. मी तिला एवढंच सांगितलं की तार पोलक्याच्या आतून घे आणि गळ्याजवळ थोडी ढील ठेव. ती म्हणाली, "एवढंच होतं तं आधी कावून नाई सांगितलं, भाऊ?" त्यानंतर दोन हंगाम झाले, तोच हेडफोन चालू आहे.

गुंडाळायचाच असेल तर तीन-चार बोटांभोवती सैल वेटोळी करा, आणि शेवटचं टोक गाठ न मारता नुसतं अडकवून ठेवा. जुन्या तंबाखूच्या किंवा क्रीमच्या रिकाम्या डबीत तो छान राहतो, डबी आधी धुवून कोरडी केलेली हवी. नवीन घेताना पिन आडवी, म्हणजे काटकोनात वळलेली मिळाली तर तीच घ्या. खिशात ती कमी मुडपते.

सुईचा सल्ला मात्र वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण त्याचा परिणाम मी पाहिला आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी, एसटीत बसून लेक्चर ऐकते. तिचा डावा कान मंद झाला होता. मेसेजमधलं वाचून तिने जाळीत सुई घातली आणि तो पूर्ण बंद झाला. "दादा, मळ काढत होती मी, आवाजच गेला," एवढंच ती म्हणाली. जाळीच्या मागे थोड्याच अंतरावर पातळ पडदा असतो, तोच हलून आवाज काढतो. सुई त्यातून आरपार गेली होती. तो भाग मला वाचवता आला नाही.

एरवी आवाज मंद होतो तेव्हा बहुतेक वेळा पडदा ठणठणीत असतो, जाळी तुंबलेली असते. कानातला मळ घामाने मऊ होतो आणि जाळीत बसतो. त्यावर मळणीचा भुसा आणि कापसाची तूस चिकटते. आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्याकडच्या लोकांना पटकन पटेल. लहानपणी आपण नाल्याच्या रेतीत लोहचुंबक फिरवायचो आणि त्याला काळा कीस चिकटून यायचा. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे, तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात. आणि हेडफोनच्या बोंडात लोहचुंबकच बसवलेला असतो. धुऱ्यावर जेवायला बसताना हेडफोन मातीवर टाकला की तो हा कीस ओढून घेतो.

साफ कसा करायचा: रबराची टोपी काढा. ती कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळू द्या. बोंड मात्र धुवायचं नाही. जाळी जमिनीकडे करून धरा आणि जुन्या, मऊ, कोरड्या टूथब्रशने हलकेच झाडा, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडेल. तोंडाने फुंकू नका, त्याने ओल आत जाते. पंक्चरच्या दुकानातल्या हवेने तर अजिबात नाही, ती हवा टायरसाठी असते, पडदा फाटतो. पेट्रोल आणि थिनरने जाळी बसवलेला गोंद सुटतो. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं ब्रश फिरवला तरी पुष्कळ झालं.

तांदळाचं उत्तर लहान आहे. डब्यातला तांदूळ मोकळ्या हवेपेक्षा लवकर पाणी ओढत नाही, उलट त्याचा पिठूळ कोंडा जाळीत जातो. भिजला तर पुसा, टोपी काढा, सावलीत पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवा. चुलीजवळ नको, उन्हात नको. वायरलेस असेल तर वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका.

आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅपचंही तसंच. ते आवाजाची लाट कापून चपटी करते, तो फाटका आवाज आपल्याला मोठा वाटतो आणि आतली बारीक गुंडाळी तापते. शिवाय कान आपला एकच जोड आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. ट्रॅक्टरवर इंजिनाच्या वर ऐकू यावं म्हणून आवाज चढवणाऱ्या पोरांना मी हात जोडून सांगतो, तिथे कानात काही घालूच नका. मागून येणारी गाडीही ऐकू येत नाही.

वायरलेसला तार नाही, हे खरं. पण तारेच्या जागी तीन बॅटऱ्या आल्या: दोन बोंडांत, एक बोंडं चार्ज करायच्या डबीत. लिथियमच्या बॅटरीचा वैरी उष्णता. काही कंपन्या वापरण्यासाठी ३५ अंश आणि ठेवण्यासाठी ४५ अंश अशी मर्यादा सांगतात. मे महिन्यात आपल्याकडे अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला सावलीतलं तापमानच ४५ च्या पुढे जातं. मग उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत किंवा टिनाखालच्या फळीवर काय होत असेल? अशा जागी ठेवलेली डबी एका उन्हाळ्यात म्हातारी होते. ती माठाजवळच्या कोपऱ्यात, ओल लागणार नाही अशी ठेवा. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून ठेवा, पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर मरते.

खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ लिहिलेलं असतं, ते वाचून लोक समजतात की हा पाण्यातही चालतो. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे सहन करेल, बुडवणं नाही. बुडवण्याचा आकडा ७, तोही १ मीटर साध्या पाण्यात ३० मिनिटं. आणि मधला ‘एक्स’ म्हणजे धुळीपासून संरक्षणाचा दर्जा दिलेलाच नाही. धूळ खाणाऱ्या गावात मला तर तोच एक्स जास्त महत्त्वाचा वाटतो. डबीला बहुधा यातलं काहीच लागू नसतं. घामातल्या मिठाने डबीतल्या बारीक चार्जिंगच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढतो, म्हणून बोंडं डबीत ठेवण्याआधी सदऱ्याला का होईना, पुसत चला.

मेसेजमधली एक गोष्ट मी मान्य करतो: काही हेडफोन शेवटी फेकावेच लागतात. वायरलेसची बोंडं चिकटवून बंद केलेली असतात, बॅटरी संपली की माझ्यासारख्याला फार काही करता येत नाही. कितीही जपली तरी काही वर्षांनी ती थकणारच. आणि अगदी हलक्या मालात आतला डाग, म्हणजे तारेचा सोल्डरिंगने केलेला जोड, कधी कधी पहिल्या दिवसापासून कच्चा असतो. पण तारेच्या हेडफोनची पिन तुटली तर नवी पिन बसते. तारेवरचं रोगण जाळून, कल्हई करून डाग द्यावा लागतो, रोगण तसंच ठेवलं तर डाग धरत नाही. हे काम येणारा दुकानदार नव्या हेडफोनपेक्षा बरेच कमी पैसे घेतो.

फेकण्याआधी मात्र तो दुसऱ्या मोबाईलला लावून बघा. बऱ्याचदा दोष मोबाईलच्या भोकात असतो: खिशातली तूस आणि धूळ पिनने दाबून दाबून तळाशी गच्च बसलेली असते आणि पिन पूर्ण आत जात नाही. मोबाईल बंद करून लाकडी टूथपिकने ती हलकेच काढा, लोखंडी काही घालू नका. मोबाईलच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या (अ‍ॅक्सेसिबिलिटी) भागात डाव्या-उजव्या आवाजाची एक पट्टी असते, ती चुकून एका बाजूला सरकली तरी एक कान ‘मेलेला’ वाटतो. परवाच्या बाजारात एक आजोबा नवा हेडफोन मागायला आले होते. मी पट्टी मधोमध आणली आणि जुनाच त्यांच्या कानात घातला. भजन दोन्ही बाजूंनी वाजलं, आणि ते दीडशे रुपये त्यांनी पुन्हा धोतराच्या सोग्यात बांधले.